कुठला खल घेऊ, मॅडम?

आधी फोटो येतो, मग खाली प्रश्न: "मॅडम, हा घेऊ का?" फोटोत हमखास पांढराशुभ्र संगमरवरी खल असतो, त्यावर राखाडी शिरा, शेजारी पुदिन्याची चार पानं मांडलेली. दिसायला देखणा. माझं उत्तर ठरलेलं आहे: त्यात घोटणार काय, ते आधी सांगा. त्यावर बहुतेक जण गडबडतात, कारण त्यांच्या डोक्यात 'औषधाचा दगड' अशी एकच वस्तू असते.

मी साताऱ्यात वैद्यकी करते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत कडाप्प्याच्या ओट्यावर माझे दगड मांडलेले आहेत. एक सहाण, काळ्या पाषाणाचा होडीच्या आकाराचा खल, एक गोल खल, खाली जमिनीवर पाटा-वरवंटा आणि कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला अकीक नावाच्या टणक दगडाचा वाटीएवढा खल. आलेल्या पाहुण्यांना ते जुन्या वस्तूंचं प्रदर्शन वाटतं आणि ते मोबाइल काढतात. मला ते रोज लागतात. एकाचं काम मी दुसऱ्याला सांगत नाही. का सांगत नाही, ते आज सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या फोटोला उत्तर म्हणून हेच पाठवता येईल.

सहाणेपासून सुरू करते. ती बऱ्याच घरांत असते, पण देवघरात, चंदनाच्या खोडाशेजारी. औषधाला तिचा उपयोग होतो हे आजीच्या पिढीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सहाणेवर वस्तू फुटत नाही, चुरडत नाही, नुसती झिजते. सुंठ, हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, रक्तचंदन, दारुहळद, मायफळ ही सगळी टणक मंडळी. त्यांचं चिमूटभरसुद्धा नको असतं, चिमटीचा दहावा हिस्सा पुरतो. एवढ्यासाठी कोण कुटत बसणार? पाण्याचे दोन थेंब टाकायचे, तुकडा किंचित तिरपा धरायचा आणि गोल फिरवायचा. हवं तेवढं औषध निघतं, उरलेला तुकडा पुन्हा डबीत. न कुटलेला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, पूड काही महिन्यांत जुनी होते. सहाणेचा खरा फायदा हा.

आणि मोजमाप? तेही सहाणेवरच. बाळघुटी उगाळणाऱ्या बायका "हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, वेखंडाचा अर्धा" असं मोजत. वेढा म्हणजे सहाणेवरची एक गोल फेरी. एक गुंज म्हणजे साधारण 125 मिलिग्रॅम. त्याच्याही खालचं माप घरात वजनकाट्याशिवाय साधण्याची ही रीत होती. मला या रीतीचं कौतुक आहे, पण एका अटीवर, कारण वेढा हे माप पूर्णपणे दगडावर अवलंबून असतं. पन्नास वर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या सहाणेवरचे दोन वेढे आणि काल बाजारातून आणलेल्या खरखरीत सहाणेवरचे दोन वेढे यांत मोठा फरक पडतो. त्यात हाताचा दाब, तुकड्याची जाडी, तो कोरडा आहे की भिजलेला, हेही आलंच. आजेसासूबाईंच्या वहीतले वेढे नव्या दगडावर जसेच्या तसे उतरवायचे नसतात. वेखंड तर जास्त झालं की ओकारी येते. वांती करवायलाही ते आयुर्वेदात वापरतात.

म्हणून तान्ह्या बाळाला घुटी द्यायची का, असं विचारलं तर मी आधी 'थांबा' म्हणते. पहिले सहा महिने आईचं दूध आणि फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मला पटतो. वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये, त्यातून होणारी बोट्युलिझमची बाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते. हे सांगितलं की सोबत आलेल्या आजी नाराज होतात. एक आजी मला म्हणाल्या, "आमच्या चारी पोरांना दिली की, काय झालं त्यांना?" मी म्हटलं, "आजी, काही झालं नाही हे चांगलंच झालं. पण तुमची सहाण आणि तुमचा हात मी सुनबाईला कुठून देऊ?" त्यावर त्या हसल्या, पण पटलं असं काही तोंडावर दिसलं नाही.

मोठ्या माणसांसाठी मात्र सहाण बिनघोर बाहेर काढा. डोकं जड झालं की कपाळावर सुंठीचा पातळ लेप. मुका मार लागून सूज आली तर रक्तचंदन. लेप उगाळताना घाई केली तर दाणे राहतात आणि ते कातडीला टोचतात. नीट उगाळलेलं गंध बोटाने पसरवलं की साईसारखं सलग बसतं, मध्ये रेघ पडत नाही. उगाळून झालं की तुकडा पुसून उन्हात ठेवायचा. तसाच ओला डबीत टाकला की आतून बुरशी धरते, आणि हळकुंडाची बुरशी चटकन दिसतही नाही.

सहाणेचा आणखी एक उपयोग आता जवळजवळ मागे पडला. हेमगर्भाची मात्रा. पोटली म्हणून जो औषधाचा प्रकार आहे त्यातली ही. सोनं आणि शुद्ध केलेला पारा-गंधक असलेली, दगडासारखी टणक गोळी. वैद्य ती बटव्यात घालून गावोगाव फिरत आणि रोगी अत्यवस्थ असला की आल्याच्या रसात किंवा मधात सहाणेवर उगाळून जिभेला लावत. गोळी टणक का, तर सांडत नाही, उडत नाही, आणि हवी तेवढीच झिजवता येते. बनवणाऱ्याने सहाण डोळ्यांसमोर ठेवूनच ते औषध घडवलं होतं. माझ्याकडे ती नाही, आणि जुन्या पेटीत सापडलेली कुणी आणली तर मी वापरू देत नाही. ती कुणी, कधी, कशी केली होती हे सांगणारं माणूसच उरलेलं नसतं.

आता खल. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. दगडी खलात कुटायचं नसतं. कुटायला लोखंडी किंवा पितळी खलबत्ता. दगडी खलात बत्ता वरून आपटला की आज ना उद्या कपची उडते आणि ती औषधात जाते. दगडी खलात बत्ता उचलायचा नाही, फिरवायचा किंवा मागे-पुढे ओढायचा. याला घोटणं म्हणतात. कुटण्याने तुकडे होतात, घोटण्याने दोन वस्तू एकमेकींत जिरतात.

होडीचा खल आणि गोल खल यांतला फरकही शोभेचा नाही. होडीच्या खलात बत्ता लांबीच्या दिशेने जातो-येतो. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून औषध आपोआप मधल्या घळीत येतं आणि पुन्हा बत्त्याखाली सापडतं. पातळ किंवा निसटणारी वस्तू असेल तर हा आकार हवाच. गोल खलात मनगट फिरतं, तो थोड्या मालाला आणि कोरड्या कामाला बरा. तेराव्या शतकाच्या आसपासच्या 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात खलाची मापंच दिली आहेत: 24 अंगुळं लांब, 16 उंच, 9 रुंद आणि बत्ता 12 अंगुळांचा. दगड कसा हवा, तर निळसर किंवा काळा, स्निग्ध, टणक आणि जड. ऑनलाइन विकणाऱ्यांनी एवढं जरी लिहिलं तरी माझे निम्मे मेसेज कमी होतील.

काळा, टणक, जड. सह्याद्रीत राहणाऱ्याला हे ऐकून दूर जायला नको. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपलं दख्खनचं पठार झालं, त्याचाच हा बेसॉल्ट. पण प्रत्येक काळा दगड खलाला चालत नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं साचतात. पाथरवट दगडावर असे पांढरे ठिपके दिसले की तो बाजूला टाकतो. ती खनिजं मूळ दगडापेक्षा मऊ, घोटता घोटता निखळतात, खड्डा राहतो आणि खड्ड्यात मागच्या औषधाचा मळ. गंमत म्हणजे अशाच पोकळ्यांत सिलिका साचून अकीक होतो, आणि तो बेसॉल्टपेक्षाही टणक. खंबातचे कारागीर पिढ्यान् पिढ्या अकीक घडवत आले आहेत. मोती किंवा प्रवाळाची पिष्टी, म्हणजे न जाळता नुसती घोटून केलेली अगदी बारीक पूड, गुलाबजलात घोटायला अकीकाचा खल सगळ्यात उत्तम, कारण त्याला भोकं नसतात आणि तो स्वतः जवळजवळ झिजत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतही नमुने बारीक करायला अकीकाचेच खल असतात. माझा खल वाटीएवढाच आहे, कारण मोठा परवडत नाही.

मग फोटोतल्या संगमरवराचं काय? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबाचा थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात. आंबट रस दगड खातो. आमलकी रसायन करताना आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या 21 भावना देतात. भावना म्हणजे चूर्ण रसात भिजवायचं, रस आटेपर्यंत घोटायचं, वाळवायचं आणि पुन्हा भिजवायचं. एकवीस वेळा आवळ्याचा रस संगमरवरात घोटला तर खलाचा चुना औषधात उतरणार, दुसरं काय होणार? लोखंडात घोटलं तर वेगळीच तऱ्हा. आवळ्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की शाई तयार होते, चूर्ण काळंकुट्ट पडतं. काही औषधांत मुद्दाम लोखंडी भांडं सांगितलेलं असतं तेव्हा ती गोष्ट निराळी. आवळा, लिंबू, चिंच, हिरडा यांना काळा पाषाणच हवा. संगमरवरी खलात खुशाल वेलदोडे घोटा, तेही हळूच.

घोटण्याचं काम जवळून बघायचं असेल तर चौसष्टी पिंपळी बघावी. नावाप्रमाणे चौसष्ट प्रहर घोटलेली पिंपळी. प्रहर तीन तासांचा, म्हणजे 192 तास, सलग धरले तर आठ दिवस आणि आठ रात्री. सलग कोणी घोटत नाही. आम्ही शिकत असताना पाळ्या लावून करायचो आणि खलाशेजारी भिंतीवर खडूने तासांच्या रेघा ओढायचो. पिंपळी आधी वाळवून, कुटून, कापडातून गाळून घ्यायची. या वस्त्रगाळ पुडीवर काम सुरू. पहिले काही तास ती खलात इकडेतिकडे पळते आणि नाकात जाते. नाकाला रुमाल बांधला तरी ठसका लागतोच, डोळ्यांतून पाणी येतं. मग हळूहळू तिची पळापळ थांबते. पूड बत्त्यामागे लाटेसारखी चालायला लागते आणि खलाच्या भिंतीला चिकटते. चिकटलेली दर थोड्या वेळाने शिंगाच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडून मध्ये घ्यावी लागते. ती खरवडली नाही तर निम्मं औषध घोटलं जातं आणि निम्मं भिंतीवर आराम करतं. शेवटी बोटाच्या पेरावर चिमूटभर घेऊन चोळली की ती पेरावरच्या रेषांमध्ये जाऊन बसते आणि झटकली तरी निघत नाही. शास्त्रात याला रेखापूर्ण म्हणतात. घोटणाऱ्याला ते बघावंही लागत नाही, बत्त्याचा आवाजच बदललेला असतो. सुरुवातीची खरखर जाऊन नुसता दगडावर दगड फिरल्याचा मऊ आवाज उरतो.

एवढं घोटून मिळतं काय? खोकल्यात मधातून अगदी गुंजभर दिली तरी पुरते असा अनुभव. पण बाजारातल्या डबीवर 'चौसष्टी' लिहिलेलं असलं तरी आतली पूड पेरावर चोळून बघा. रेघेत बसली तर ठीक. दाणा लागला तर ती साधी पिंपळी आहे, आणि साध्या पिंपळीचेच पैसे द्यायला हवेत.

कज्जलीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती घरी करायची गोष्ट नाही, अजिबात नाही. पारा आणि गंधक खलात एकत्र घोटले की आधी राखाडी, मग काजळासारखी काळी पूड होते. पाऱ्याचा एकही चमकता कण दिसायला नको. उन्हात हातावर चोळून ते तपासतात, आणि चमक पूर्ण गेली की तिला निश्चंद्र म्हणतात. होडीच्या खलाची घळ इथे कळते, पळणारा पारा परत तिथेच येतो. पण पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि शरीरात साचत जाते. हे काम परवानगी असलेल्या औषधशाळेत, जाणत्याच्या देखरेखीखाली, हवा खेळती ठेवूनच व्हायला हवं. व्हिडिओ बघून करून पाहणाऱ्यांनी निदान घरातल्या लहान मुलांचा विचार करावा.

आता पाटा-वरवंटा. हा आपल्याकडचा सगळ्यात जुना दगड. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दगडी पाटे-वरवंटे सापडले, आणि तेर, नेवासे यांसारख्या सातवाहनकालीन ठिकाणी तर चार पायांचे घडीव पाटे मिळाले आहेत. पाचवीला सटवाईची पूजा याच्यावर होते, बारशाला वरवंटा पाळण्याखालून फिरतो. औषधात त्याचं मुख्य काम कल्क. शारंगधरसंहितेत कल्क सांगताना ओलं द्रव्य शिळेवर वाटलेलं, किंवा कोरडं असेल तर पाणी घालून वाटलेलं, असंच म्हटलं आहे.

तेल किंवा तूप सिद्ध करताना कल्क किती बारीक वाटला त्याचा हिशोब शेवटी द्यावा लागतो. प्रमाण ठरलेलं: एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग काढा किंवा रस. आटत आलं की कढईतला कल्क दोन बोटांत घेऊन त्याची वात वळायची आणि ती जाळून बघायची. वात वळली आणि जळताना चडचडली नाही तर पाणी संपलं, तेल झालं. कल्क भरड असेल तर वात वळतच नाही, तुकडे पडतात. मग तेल झालं की नाही हे कळत नाही, माणूस आणखी थोडं, आणखी थोडं म्हणून विस्तव चालू ठेवतो आणि खाली करपतं. शिकायला येणाऱ्या मुली कढईपाशी चिकाटीने तासन्‌तास उभ्या राहतात आणि पाट्यावर मात्र दहा मिनिटांत उरकतात. मी त्यांना कढईपाशी उभंच राहू देत नाही, आधी पाटा.

गुळवेलीलाही दगडच. तिच्या खोडाचे दोरे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात, पातं अडतं आणि मोटर तापते. वरवंट्याने ठेचली की दोरे सुटे होतात. ठेचलेली गुळवेल रात्रभर पाण्यात ठेवून कुस्करून गाळली की तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून तो साका वाळवला की गुळवेल सत्त्व. अडुळशाची पानं मात्र पाट्यावर कितीही वाटा, रस देताना रडवतात. त्यांचा गोळा पानात गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन भाजायचा आणि मग पिळायचा. तिथे दगडाचा इलाज नाही.

पाटा गुळगुळीत झाला की वस्तू वाटली न जाता घसरते. पूर्वी "पाट्याला, जात्याला टाकी लावाऽऽ" अशी हाळी गल्लीतून यायची. वडार समाजातल्या जाते-वडारांचं हे पिढीजात काम. आमच्याकडे अधूनमधून एक मामा अजून येतात. ते आधी पाट्यावर ओला हात फिरवतात, मग तिरपं होऊन उजेडात बघतात आणि फक्त मधल्या भागात टाकी मारतात. कडेला मारत नाहीत, कारण वरवंटा कडेला टेकतच नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, सहाणेलाही लावून द्या." ते म्हणाले, "सहाणेला टाकी नाय लावायची बाई, चंदन खाऊन टाकंल ती." एका ओळीत त्यांनी मला वेढ्यांचं सगळं गणित सांगितलं. टाकी लावल्यावर पहिले दोन-तीन घाणे तांदळाचे वाटून फेकून द्यायचे. दगडाची कच निघून पीठ पांढरं आलं की मगच औषध.

इतकं सगळं वाचून मी मिक्सरची वैरीण आहे असं वाटेल. तसं नाही. त्रिफळ्यासारखं कोरडं चूर्ण मी यंत्रावरच करते, तिथे दगडाचा हट्ट धरून मनगट कशाला मोडायचं? औषधशाळांमध्येही एंड रनर नि बॉल मिल आहेत, आणि त्या म्हणजे विजेवर चालणारा खलच. चूर्ण 80 नंबरच्या चाळणीतून जावं, एवढी कसोटी दोन्हींना सारखी. पण ओवा, बडीशेप, लवंग, दालचिनी, वेलदोडा यांत उडणारं तेल असतं. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं आणि घरभर सुवास सुटतो. लोक खूश होतात. अहो, तो वास डबीत राहायला हवा होता! थांबून थांबून फिरवा, मध्ये भांडं गार होऊ द्या. भावना द्यायची असेल, पिष्टी करायची असेल, ताजा कल्क हवा असेल किंवा उगाळायचं असेल तर मात्र मिक्सर बंद.

तर खल घेताना. प्रत्यक्ष जाऊन घ्या, फोटोवर नको. नखाने किंवा चाकूच्या टोकाने तळाला ओरखडा काढून बघा. सहज चरा पडला तर तो शंखजिऱ्याचा मऊ दगड, त्यात लोणच्याची फोडणी ठेवा हवी तर. लिंबाचा थेंब टाका, बुडबुडे आले तर संगमरवर. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मग बत्त्याच्या बुडाला ओली गेरू लावून खलात फिरवा. रंग सगळीकडे सारखा लागला तर बत्ता खलात बसतो. एका बाजूलाच लागला तर त्यात पिंपळी चौसष्ट काय, शंभर प्रहर घोटली तरी दाणा राहील. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, खल नातवंडांपर्यंत पुरतो.

घरी आणल्यावर तांदूळ घोटून कच काढायची. धुताना साबण नको, दगड तो धरून ठेवतो आणि पुढच्या औषधाला वास येतो. गरम पाणी, नारळाची शेंडी आणि ऊन एवढं पुरतं. लसूण-मिरची वाटायचा पाटा आणि औषधाचा पाटा एक नको. तुमची भाजी बिघडणार नाही, पण अंगाला लावायच्या लेपाला मिरची लागली की रोगी माझ्याकडे ओरडत येतो.

आणि बिब्बा. घरात बिब्बा वापरणारं कुणी असेल तर त्याचा दगड पूर्ण वेगळा. त्याचं तेल दगडाच्या रव्यात शिरतं आणि धुऊन जात नाही. पुढच्या वेळी त्याच दगडावर दुसरं कुणी काही वाटलं की हात, तोंड, जिथे लागेल तिथे उतून फोड येतात. त्या दगडाच्या बुडाला तेलरंगाने ठळक फुली मारा, तो उंचावर ठेवा आणि धुणी-भांडी करायला येणाऱ्या मावशींनाही तो दाखवून ठेवा.